बारावं डोकं

छापखान्याच्या बाजूनं बावीस पायऱ्या चढून गेलं की थोरलीची खोली. पहिल्यांदा येणारं माणूस दारातच थबकायचं. समोरच्या भिंतीला एक लांब फळी आणि फळीवर ओळीनं अकरा डोकी. लाकडाची. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता गुळगुळीत गोल आणि खाली मान. कुणाच्या डोक्यावर अर्धवट केस, कुणाच्या डोक्यावर नुसती जाळी, तर कुणी तुळतुळीत. आलेल्या माणसाचा चेहरा बघून थोरली म्हणायची, "या, बसा. ही मंडळी काही बोलत नाहीत. एवढी शांत माणसं आमच्या घरातसुद्धा नाहीत."

थोरली टोप करायची. केसांचे टोप. सुरुवातीला नाटकातल्या राजांचे आणि म्हाताऱ्यांचे, आणि गेली पंधरा-वीस वर्षं जास्त करून दवाखान्यातून येणाऱ्या बायकांचे, ज्यांचे केस औषधांपायी गेलेले असत. बारीक जाळी डोक्यावर ताणून बसवायची, वाकड्या टोकाची सुई घ्यायची, आणि जाळीच्या एकेका घरातून एकेक केस ओढून त्याची गाठ मारायची. एक केस, एक गाठ. एका टोपाला तीस-चाळीस हजार गाठी. घाईच्या माणसाचं हे काम नव्हे.

हा हात तिला सासूनं दिला होता. सासू नाटकवाल्यांकडे टोप करायची, आणि तिनं आपल्या दोन्ही सुनांना एकाच खिडकीत बसवून शिकवलं. दोघी जावा समोरासमोर बसायच्या, गुडघ्याला गुडघा लावून. सासू मोठी तोंडाची फटकळ. एकदा दोघींचं काम उजेडात धरून म्हणाली, "थोरलीची गाठ शोधून सापडत नाही. धाकटीची गाठ लांबून दिसते. पण धाकटी स्वतः त्याहून लांबून दिसते." सगळे हसले, सगळ्यांत जास्त धाकटीच हसली.

पुढं झालंही तसंच. सासू गेल्यावर धाकटीनं वेगळं दुकान थाटलं. आधी एक गाळा, मग दोन, मग चौकातली काचेची तीन मजली इमारत. पडद्यावरची माणसं तिच्याकडे यायला लागली, मासिकांत तिचे फोटो यायला लागले. थोरली मात्र छापखान्याच्या वरच राहिली. तसं दोघींत वाकडं काहीच नव्हतं. उलट धाकटी आपल्या महागातल्या टोपांची कपाळाकडची पट्टी थोरलीकडूनच करून घ्यायची, कारण केस कपाळातून उगवल्यासारखे दिसायला हवेत तर गाठ थोरलीचीच हवी. पट्टी खोलीतून जायची आणि टोप दुकानातून, धाकटीच्या नावाची चिठ्ठी लावून.

थोरलीचा नवरा पाण्याचे मीटर वाचायचा. दारोदार हिंडणारा, गप्पिष्ट माणूस. तो म्हणायचा, "अगं, तिचं तिला, आपलं आपल्याला. मी रोज शंभर घरांचं पाणी मोजतो, म्हणून मला तहान जास्त लागते का?" थोरली हसायची, पण तिच्या मनातली सल काही जायची नाही.

मग धाकटीला एक मोठं पारितोषिक मिळालं. समारंभाला उंच अंबाडा बांधायचा म्हणून तिनं थोरलीला गंगावन करायला सांगितलं. धाकटीचं डोकं लहान, आणि मागं उजवीकडे एक टेंगूळ, जन्मापासूनचं. अकरातलं एकही लाकडी डोकं त्या मापाचं नव्हतं. थोरलीनं टेप घेऊन कपाळापासून मानेपर्यंत, कानापासून कानापर्यंत माप घेतलं आणि जाड कापडाचं, आत लाकडाचा भुसा ठासून भरलेलं नवं डोकं शिवलं. टेंगळासकट. ते फळीच्या टोकाला बसलं, बारावं.

समारंभाला थोरली आणि तिचा नवरा मागच्या रांगेत बसले होते. धाकटीनं व्यासपीठावरून नवऱ्याचे आभार मानले, गिऱ्हाइकांचे मानले, वीज दुरुस्त करणाऱ्याचे मानले. थोरलीचा नवरा तिच्या कानाशी पुटपुटला, "आता आपलं." पण तेवढ्यात टाळ्या वाजल्या आणि धाकटी खाली उतरली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एका टोपाचा मोठा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की कपाळावरचे केस बघावेत, जणू देवानंच लावलेत. त्या पट्टीच्या गाठी थोरलीनं पावणेतीन आठवडे बसून मारल्या होत्या.

त्या सोमवारी काम आवरताना तिच्या हातात एक टाचणी उरली. एरवी उरलेली टाचणी ती डबीत टाकायची. त्या दिवशी ती फळीकडे गेली आणि बाराव्या डोक्याच्या माथ्यावर तिनं ती खुपसली. भुशात टाचणी शिरताना एक बारीक, दबका आवाज झाला. थोरलीला बरं वाटलं. किती बरं वाटलं ते तिला स्वतःलाच आवडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी हात आपोआप तिकडंच गेला.

दिवस गेले, महिने गेले. आठवड्याला चार-पाच टाचण्या. कधी माथ्यावर, कधी डाव्या कानाच्या वर, कधी मानेपाशी. कधी कधी ती त्या डोक्याशी बोलायचीही. "काय बाई, आज कुठल्या मासिकात?" असं काहीतरी. खोलीत दुसरं कुणी नसायचं, म्हणून आपण हे करतो हे तिला खरं वाटायचं नाही.

रविवारी ती नेमानं चर्चमध्ये जायची. उपासनेच्या शेवटी पाळक सांगायचे, ज्याच्या-त्याच्यासाठी ज्यानं-त्यानं मनात प्रार्थना करा. थोरली डोळे मिटून आपल्या माणसांची नावं घ्यायची. नवऱ्याचं नाव, दिराचं, दवाखान्यातल्या बायकांची. धाकटीचं नाव आलं की जीभ टाळ्याला चिकटायची. खरोखर चिकटायची. ती तिला ढकलून बघायची, पण शब्द काही निघायचा नाही, आणि तोवर सगळे 'आमेन' म्हणून उठलेले असायचे. चर्चचे पुढचे बाक धाकटीनंच नवे करून दिले होते, वॉर्निशचा वास अजून गेला नव्हता. थोरली मुद्दाम मागं, जुन्या बाकावर बसायची.

मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की बारावं डोकं तिच्याकडे बघतंय.

नाक-डोळे नसलेलं डोकं कुठं बघतंय हे कुणाला कसं कळणार? पण थोरलीला कळायचं, टेंगळावरून. टेंगूळ भिंतीकडे असलं म्हणजे तोंड खोलीकडे. तिनं ते फिरवून टेंगूळ खोलीकडे केलं, तोंड भिंतीला. दुसऱ्या दिवशी दुपारी जाळीवरून नजर उचलली, तर टेंगूळ पुन्हा भिंतीकडे.

तिनं नवऱ्याला बोलावून दाखवलं. त्यानं फळी हलवून बघितली, डोकं उचलून बघितलं. "हे बघ, खाली छापखान्याचं यंत्र दिवसभर धडधडतं. फळी हलते. ह्याचं बूड गोल, म्हणून फिरतं."

"मग बाकीची अकरा का नाही फिरत?"

"ती जड. जड डोकी फिरत नाहीत. आपल्या घरात बघ ना, माझं फिरतं, तुझं कधी फिरलंय का?"

थोरली हसली नाही. तो टाचण्यांकडे बघत होता. दोन-चार नव्हत्या, साठ-सत्तर असतील. "एवढ्या कशाला गं?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "ठेवायला जागा नाही." तिच्या हाताशी टाचण्यांच्या तीन रिकाम्या डब्या पडल्या होत्या. त्या त्यालाही दिसल्या.

पुढच्याच आठवड्यात छापखाना बंद झाला. यंत्राचा कुठला तरी भाग दुसऱ्या शहरातून यायचा होता, नऊ दिवस लागणार होते. इतक्या वर्षांत थोरलीनं ती खोली अशी ऐकलीच नव्हती. सुई जाळीतून जाण्याचा आवाज ऐकू यायला लागला, आणि आपला श्वासही. भर दुपार, खिडकीतून लख्ख ऊन, आणि अंगावर काटा.

पहिल्या दिवशी तिनं डोकं भिंतीकडे वळवलं आणि बुडाखाली कागदाची घडी घातली. दुसऱ्या दिवशी ते तसंच होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती पाणी प्यायला उठली, परत येऊन बसली, आणि सुई उचलायच्या आधीच तिला कळलं. वर न बघताच. मान उचलायला तिला बराच वेळ लागला. डोकं वळलं होतं. कागदाची घडी होती तिथंच होती. आणि फळीवर, डोक्याच्या मानेपाशी, एक लांब केस पडला होता.

त्या डोक्यावर केस नव्हतेच कधी. थोरलीनं तो चिमटीत धरून उजेडात नेला. काळा, पण उन्हात तांबूस झाक मारणारा. आयुष्यभर केसच हाताळलेल्या बाईला कुणाचा केस कुणाचा हे सांगावं लागत नाही; हा धाकटीचा होता. चौथ्या दिवशी तीन केस होते. पाचव्या दिवशी तिनं मोजले नाहीत, डोळे मिटून फडक्यानं पुसून टाकले आणि खोलीला कुलूप लावून घरी गेली. नवऱ्याला म्हणाली, "डोकं दुखतंय." मग तिचं तिलाच वाटलं की कसला शब्द वापरला आपण!

नऊ दिवस झाले, यंत्र सुरू झालं. आणि त्याच दिवशी, धडधडाटात पावलं ऐकू न आल्यानं, दारात धाकटी उभी बघून थोरली दचकली. डोक्याला घट्ट रुमाल. बरोबर कुणी नाही.

"ताई, दार लावून घेऊ का?"

तिनं दार लावलं, खुर्चीवर बसली आणि काही न बोलता रुमाल सोडला. थोरलीनं असली डोकी शेकड्यांनी बघितली होती. चाई पडली होती. केस गेलेले गोल, गुळगुळीत चट्टे, बोट फिरवलं तर काचेसारखे. एक माथ्यावर, एक डाव्या कानाच्या वर. "आणि इथं," म्हणून धाकटीनं मान वाकवून मानेपाशी तिसरा दाखवला.

थोरलीनं फळीकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलंच. टाचण्या तीन जागी होत्या. माथ्यावर. डाव्या कानाच्या वर. मानेपाशी.

"तीन महिने झाले," धाकटी बोलत होती. "डॉक्टर म्हणतात, येतील परत, कदाचित नाही येणार. उशीवर रोज पुंजके. दुकानात कुणाला सांगितलं नाही. काय सांगू? केस विकणारी बाई टकली झाली?" ती हसली आणि हसता हसता तिचा आवाज चिरकला. "लहान असताना आपल्याला सांगायचे ना, डोक्यावरचा केसन्केस देवानं मोजलेला आहे म्हणून? मग हे गेले तेव्हा मोजणारा कुठं बघत होता, ताई?"

धाकटीनं पिशवीतून केसांचा एक मोठा पुडका काढून टेबलावर ठेवला. गळलेले, धुऊन, बांधून आणलेले. काळे, तांबूस झाक असलेले. "ह्यांचाच टोप कर. कमी पडले तर दुसरे मिसळ. पण गाठी तूच मार. दुसऱ्या कुणाचा हात मला नको." आणि जाता जाता तिनं फळीकडे बोट केलं. "माझं डोकं अजून ठेवलंयस होय? बरं झालं, परत माप नको."

टाचण्या तिला दिसल्या की नाही, थोरलीला कळलं नाही.

त्या दुपारी ती घरी गेली नाही. सरळ चर्चमध्ये गेली. आत कुणी नव्हतं, फक्त पाळक एका टेबलाशी बसून फाटलेल्या गीतपुस्तकांच्या पाठी डिंकानं चिकटवत होते. म्हातारा, सावकाश बोलणारा माणूस. चाळीस बाकांच्या त्या चर्चमध्ये दर रविवारी कसेबसे दहा बाक भरायचे, आणि तरी त्यांचा आवाज कधी खाली आला नव्हता. थोरलीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टाचण्या, डोकं, केस, चाई. शेवटी म्हणाली, "मीच केलंय हे."

पाळकांनी पुस्तकाची पाठ दाबून धरली होती, ती सोडली नाही. "टाचण्यांनी चाई पडत असती बाई, तर एका तरी शिंप्याच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर केस राहिले असते का?"

थोरलीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि आवाज बदलला. "बरं. तिचं वाईट व्हावं असं तुला वाटत होतं का?"

"हो," थोरली म्हणाली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली.

"मग ती चाई राहू दे बाजूला, ती तुझी नाही. हे 'हो' तुझं आहे. तेवढं घेऊन प्रभूपुढं जा."

"पण त्यानं तिला एवढं दिलं. मला का नाही? माझी गाठ तिच्यापेक्षा चांगली आहे. सासूबाई सुद्धा म्हणायच्या."

"मला ठाऊक नाही," पाळक म्हणाले. "ठाऊक असतं तर मीही त्याला एक-दोन गोष्टी विचारायच्या सोडून दिल्या असत्या. पण मला एक सांग. पंचवीस वर्षं तू तिच्या ताटात बघत जेवलीस. तुझ्या ताटात काय वाढलं होतं ते तुला आठवतं का?"

तिला आठवेना. खरंच आठवेना. ती आपल्या मागच्या जुन्या बाकावर जाऊन बसली. पाळक डिंकाचं भांडं घेऊन आतल्या खोलीत गेले. प्रार्थना करायला म्हणून तिनं हात जोडले, पण शब्दच नव्हते, म्हणून ती नुसतीच बसली.

थोड्या वेळानं तिला जाणवलं की मागच्या बाकावर कुणीतरी बसलंय. तिच्या मागं बाक नव्हता, तिचाच शेवटचा. तरी जाणवलं. मानेवरचे केस उभे राहिले. तिनं वळून बघितलं नाही, पण पळूनही गेली नाही, कारण ह्या बघण्यात आणि त्या डोक्याच्या बघण्यात फरक होता. ते डोकं बघायचं तेव्हा तिला वाटायचं की आपल्याला शेजारी उभं करून कुणाशी तरी मापलं जातंय. इथं शेजारी कुणी नव्हतंच. जे कुणी बघत होतं ते तिलाच बघत होतं. तिच्या सुईनं बारीक भोकं पडलेल्या बोटांना, टाचण्यांना, त्या 'हो'ला. सगळं बघून ते उठून गेलं नाही. थोरली कितीतरी वेळ रडली. मग मोठ्यानं म्हणाली, "प्रभू, मला तिचं चांगलं नको होतं. आता काय करू?" उत्तर म्हणून काही ऐकू आलं नाही. फक्त आत पाळकांनी नळ सोडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी तिनं बारावं डोकं मांडीवर घेतलं. एकेक टाचणी काढायची आणि प्रत्येक टाचणीला धाकटीची एक चांगली गोष्ट आठवायची असं तिनं ठरवलं. सासूच्या आजारपणात धाकटी रात्र रात्र जागली होती, ही पहिली. हसते मोकळी, ही दुसरी. सातव्या टाचणीला गोष्टी संपल्या. मग तिनं पुढच्या टाचण्यांना खरं तेच सांगितलं. "प्रभू, तिनं माझं नाव घेतलं नाही, ते मला अजून सलतं. मला काचेचं दुकान हवं होतं. मला टाळ्या हव्या होत्या." बासष्ट टाचण्या निघाल्या. शेवटच्या टाचणीबरोबर थोडा भुसा बाहेर आला आणि तिच्या पदरावर सांडला. तिनं तो झटकला नाही, भोकातून परत आत भरला आणि भोक शिवून टाकलं.

नवऱ्यानं त्या केसांचं कोडं सोडवलं असं त्याचं म्हणणं. "तिच्या केसांशी जुळवून केलेलं गंगावन समारंभानंतर परत आलं ते तू फळीच्या वरच्या खोक्यातच ठेवलंस ना? त्यातलेच गळले असतील." गंगावन खरंच तिथं होतं, खोक्याला चीरही होती. "आणि यंत्र बंद असताना डोकं फिरलं ते?" थोरलीनं विचारलं. त्यानं हनुवटी खाजवली, मीटरची वही उघडली, आणि वहीतच बघत राहिला.

टोपाला चार महिने लागले. एक केस, एक गाठ. पहिल्या दिवशी तिनं दर गाठीला धाकटीचं नाव घेऊन 'हिला बरं कर' म्हणायचं ठरवलं. पहिल्या शंभर गाठी दगड ओढल्यासारख्या गेल्या. जीभ चिकटायची, ती थांबायची, पुन्हा म्हणायची. दुसऱ्या महिन्यात शब्द सुटे झाले. तिसऱ्या महिन्यात एक दिवस ती म्हणायचंच विसरली, कारण ऊन जाळीवर पडलं होतं, केसांतली तांबूस झाक उजळली होती आणि हात आपोआप चालला होता. संध्याकाळी सुई ठेवताना तिला आठवलं की सकाळपासून आपण धाकटीच्या दुकानाचा विचारच केला नाही. त्याऐवजी दवाखान्यातली एक बाई आठवत होती. गेल्या वर्षी टोप घालून आरशात बघून तिनं नुसतं आपलं कपाळ चाचपलं होतं आणि म्हणाली होती, "अगंबाई, मी आहे अजून." ताटात काय वाढलं होतं? हे वाढलं होतं. आणि हे तिच्या एकटीच्याच ताटात होतं.

टोप घालून बघायला धाकटी आली. थोरलीनं टोप बसवला, कडा दाबल्या आणि आरशात तिच्याकडे बघत सांगून टाकलं. काही लपवलं नाही. टाचण्या कुठं कुठं होत्या तेही.

धाकटीनं आरशावरून नजर काढून घेतली. मग तिनं टोप काढला, टेबलावर ठेवला, रुमाल बांधला आणि निघून गेली. ती जिना उतरताना यंत्राच्या धडधडाटातही थोरलीला तिचं एकेक पाऊल ऐकू आलं.

अकरा दिवस ती आली नाही. थोरलीनं नवऱ्याला सांगितलं, पाळकांना सांगितलं, आणि काम करत राहिली. भीती वाटत होती. पण जुनी भीती नव्हती. डोकं फळीवर होतं. टेंगूळ कुठं आहे ते ती आता बघायची, पण त्यात जीव अडकत नव्हता.

बाराव्या दिवशी धाकटी आली. उभ्या उभ्याच बोलली. "त्या दिवशी मला तुझा राग आला. घरी गेल्यावर जास्त आला. मग मला माझं आठवलं. मी व्यासपीठावर तुझं नाव विसरले नव्हते, ताई. जिभेवर होतं. घेतलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, ही कोण, कुठं बसते. आणि सगळे ह्या बावीस पायऱ्या चढले असते." ती खुर्चीवर बसली. "तुझ्या टाचण्यांनी माझे केस गेले नाहीत. पण त्या टोचत होत्या, हे मला आधीही ठाऊक होतं. तू पट्टी द्यायचीस ना, तेव्हा माझ्या डोळ्यांत कधी बघायची नाहीस."

थोरलीनं तिच्या डोक्यावर टोप बसवला. दोघी आरशात बघत होत्या. कपाळावर गाठ दिसत नव्हती.

"दे आता माझ्यासाठी प्रार्थना करून," धाकटी म्हणाली. "मला काही सुचत नाही. माझं त्याच्याशी भांडण चाललंय."

"भांड तू," थोरली म्हणाली. "तोवर मी बोलते." आणि तिथंच, छापखान्याच्या धडधडाटात, तिनं धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. नाव घेताना जीभ अडली नाही.

धाकटीचे केस वर्षभरानं थोडे परत आले, पांढरे. तिनं ते काळे केले नाहीत. दुकान आणखी मोठं झालं. पुढच्या मुलाखतीत तिनं थोरलीबद्दल भरभरून सांगितलं, खोलीचा पत्ता, पायऱ्यांची संख्या, सगळं. वर्तमानपत्रानं छापलं, 'आणि मदतीला एक वयस्कर बाई.' नवऱ्यानं वाचून दाखवल्यावर थोरली इतकी हसली की तिला सुई खाली ठेवावी लागली. "वयस्कर! बरोबरच लिहिलंय की!"

आता तिची नजर कमी झाली आहे. सकाळी दोन तास, ऊन असेल तोवर, ती काम करते. मत्सर गेला का, असं कुणी विचारलं तर ती खोटं बोलत नाही. कधी दुपारी जिन्यावर पाऊल वाजतं. एकेक पायरी, सावकाश, ओळखीचं. दाराशी येऊन थांबतं. बाहेर कुणी नसतं हे तिला ठाऊक असतं, आणि कुणीतरी असतं हेही. तेव्हा ती उठत नाही. जाळीवरून नजरही उचलत नाही. फक्त शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तसं हळू म्हणते, "प्रभू, ती जुनी सल आलीय बघ. माझे हात कामात आहेत. दाराशी तू जा."